पाऊणशे पौंड

नाशिकच्या भांडीबाजारात देवराम शेठांचं एक कौतुक सगळ्यांना ठाऊक होतं. हंडा असो की घंगाळ, ते कानाला धरून एका हातानं उचलायचे, जरासं तोलायचे आणि वजन सांगून टाकायचे. मग गिऱ्हाइकाची खात्री पटावी म्हणून तेच भांडं काट्यावर चढायचं, आणि चूक निघालीच तर दोन-चार तोळ्यांची. काटा आढ्याला टांगलेला होता. त्याच्या साखळ्यांना लोंबणारी पारडी एवढी मोठी होती की त्यांत पोतंभर मोड मावायची. मोड म्हणजे लोकांची जुनी, फुटकी भांडी. ती तोलून घ्यायची आणि त्यांच्या बदल्यात नवी तोलून द्यायची, यावर शेठांच्या तीन पिढ्या जगल्या होत्या.

आपल्या मुलासाठी, यादवसाठी, मुलगी बघायला शेठ सटाण्याला गेले, तेव्हा मालन पोह्यांच्या ताटल्या घेऊन बाहेर आली. शेठांनी तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "अंगानं भरलेली आहे. पन्नास शेरांना कमी नाही." सगळे हसले. मालनच्या बापालाही बरं वाटलं, कारण शेठ हसून बोलले म्हणजे मुलगी पसंत होती. मालन मान खाली घालून उभी राहिली. आपण हंडा आहोत की घंगाळ, हे तिला तेव्हा ठरवता आलं नाही.

त्यानंतर पाच-सहा वर्षं त्याच शेठांना दोन्ही वेळा मालनच ताट वाढत आली. शेवटच्या वर्षी तिचा हात बारीक होत गेला, बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या, पण शेठांना काही दिसलं नाही. ती पितळेची असती तर दिसलं असतं.

या झिजण्याला मूळ कारण झालं ते यादवचं तुरुंगात जाणं. बत्तीस सालच्या जानेवारीत मेन रोडवर विलायती कापडाच्या दुकानासमोर पिकेटिंग करताना तो पकडला गेला आणि त्याला दीड वर्षाची शिक्षा झाली. ठेवलं नाशिक रोडला, म्हणजे टांग्यानं तासाभराच्या अंतरावर. महिन्याला एक पत्र यायचं. तुरुंगात कैद्यांची वजनं घेत आणि यादव शेठांचाच मुलगा, त्यामुळे पत्रात इतर काही असो-नसो, वजन असायचंच. पहिल्याच पत्रात त्यानं लिहिलं, 'आलो तेव्हा एकशेवीस पौंड होतो, आता एकशेसोळा भरलो. काळजी नसावी.'

काळजी नसावी असं लिहिलं की घरात काय होतं हे सांगायला नको. शेठांनी लगेच पौंडाचे शेर केले आणि म्हणाले, "दोन शेर गेले." यादवची आई कुसाबाई भिंतीला टेकून बसल्या. त्यांच्या डोळ्यांपुढे मुलाच्या अंगावरून कोणीतरी दोन शेर मांस कापून नेल्यासारखं झालं असावं. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. त्या कालिकेच्या देवळात गेल्या, ओटी भरली आणि नवस बोलल्या, "माझा यादव धडधाकट सुटून घरी येईपर्यंत माझी सून एकच वेळ जेवेल."

नवस सासूचा आणि भूक सुनेची, ही वाटणी कोणालाच खटकली नाही. कुसाबाईंना पित्ताचा त्रास होता, दहा वाजता दूधभात पोटात गेला नाही तर त्यांचं डोकं उठायचं. मग त्यांनी उपास करायचा कसा? आणि नवऱ्यासाठी बायकोनं नाही करायचं तर कोणी करायचं? हे सगळं कुसाबाईंनी मालनला देवळातून आल्या-आल्या सांगितलं, प्रेमानं सांगितलं, तिच्या कपाळाला कुंकू लावून सांगितलं. मालननं मान डोलावली. तिलाही वाटत होतं, यादवनं खाल्लं-प्यालं पाहिजे, त्याला काही होता कामा नये. नवऱ्यावर तिचा जीव होता. खोटं कशाला सांगा, त्या दिवशी तिला जरा मोठेपणही वाटलं.

दुसऱ्या पत्रात यादवचं वजन एकशेअठरा झालं.

झालं, कुसाबाईंचा देवीवर आणि सुनेच्या पोटावर पक्का विश्वास बसला. तिसऱ्या पत्रात एकशेएकवीस आलं. त्यांनी मालनला सोमवार धरायला लावला. चौथ्यात पौंडभर घसरलं, तर सोमवारच्या जोडीला शनिवार आला आणि संकष्टीही आली. मग पुन्हा वजन चढलं. तिकडे यादवला वेळेवर ठरलेली भाकरी मिळत होती, सकाळी तो नमस्कार घालत होता, डोक्याला दुकानाचा ताप नव्हता, त्यामुळे त्याच्या अंगी लागत होतं. पण भांडीबाजारातल्या माणसांना एवढं साधं कारण कसं पटावं? इकडून मोड घातली की तिकडून नवं भांडं मिळतं, हाच हिशेब त्यांच्या हाडीमाशी. इकडची सून झिजली म्हणजे तिकडचा मुलगा भरणार.

आणि मालन झिजत होती. मागच्या परसात बसून दुकानातली भांडी चिंच-राखेनं घासायचं काम तिचं होतं. पूर्वी ती सकाळच्या वेळात वीस हंडे लख्ख करायची. आता आठव्या हंड्याला डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. पायांना सूज यायची, बोटानं दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. चार महिने ती बाजूला बसली नव्हती. कुसाबाईंनी आधी बोटं मोजली, मग यादव तुरुंगात आहे हे आठवून गप्प बसल्या, आणि नंतर तो विषयच निघाला नाही.

कार्तिकात भगिनी मंडळानं एक व्याख्यान ठेवलं. विषय होता, 'संकटकाळी स्त्रियांनी आपली प्रकृती कशी सांभाळावी.' गावातले बरेच पुरुष तुरुंगात होते, बायका काळजीनं खंगत होत्या, तेव्हा मंडळाच्या बायकांना वाटलं, काही उपयोगाचं सांगावं. व्याख्यानाला मुंबईहून शिकून आलेल्या डॉक्टर सिंधुबाई येणार होत्या. त्या म्हणाल्या, नुसतं बोलून काय होतं, सगळ्या जणींची वजनं घेऊ. मग काट्याचा शोध सुरू झाला. देशासाठी तुरुंगात गेलेल्या यादवच्या दुकानातला काटा, यापेक्षा चांगला काटा कुठला! शेठांनी मोठ्या अभिमानानं तो उतरवून मंडळाच्या हॉलमध्ये टांगून दिला आणि पाच शेरी, दहा शेरी वजनंही पाठवली.

सिंधुबाई चांगल्या बोलल्या. रोज शेरभर दूध घ्या म्हणाल्या, ताजी फळं खा म्हणाल्या, दुपारी तासभर आडवं व्हा, संध्याकाळी मोकळ्या हवेत फिरा, मनाला काळजी लावून घेऊ नका. बायका ऐकत होत्या आणि पदराआड एकमेकींकडे बघत होत्या. मागून एक जण हळूच म्हणाली, "एवढं सगळं करायला मिळालं तर प्रकृतीला होईल कशाला काय!" तेवढ्यावर खसखस पिकली. सिंधुबाईंनाही हसू आलं. त्या मनानं वाईट नव्हत्या, फक्त त्यांना दूध कोणाच्या घरात कोणाच्या पेल्यात जातं हे नीटसं माहीत नव्हतं.

मग वजनाची वेळ आली आणि एकही बाई उठेना. पारड्यात बसायचं म्हणजे काय, गुळाची ढेप आहोत की काय आपण? शेवटी सिंधुबाईंनी विचारलं, "काटा कोणाकडचा?" सगळ्यांची तोंडं कुसाबाईंकडे वळली. कुसाबाईंनी शेजारी बसलेल्या मालनला कोपरानं ढोसलं. "जा. आपलाच काटा आहे, आपण नाही म्हटलं तर कसं दिसेल?"

मालन पारड्यात बसली. साखळी धरली. दुसऱ्या पारड्यात मंडळाच्या बाईंनी दहा शेरी ठेवली, मग दुसरी, मग तिसरी. तीस शेर. मालनचं पारडं अजून खालीच होतं. त्यांनी पाच शेरी ठेवली, मग शेर, मग अर्धा शेर. काटा सरळ झाला. बाई आणखी एक वजन हातात घेऊन उभ्याच राहिल्या, कारण एवढ्यात संपेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"साडेछत्तीस," त्या म्हणाल्या.

सिंधुबाईंनी कागदावर आकडा मांडला. "पाऊणशे पौंड," त्या म्हणाल्या, आणि उठून मालनजवळ आल्या. तिची पापणी खाली ओढून बघितली, नखं बघितली, पायाला बोट लावून बघितलं. "बाई, तुम्ही जेवता किती वेळा?"

मालननं कुसाबाईंकडे बघितलं. मग सगळं सांगितलं, एकवेळ जेवण, सोमवार, शनिवार, संकष्टी, एकादशी. ती जसजशी सांगत गेली तसतसे बायकांच्या तोंडून आदराचे उद्गार निघायला लागले. एकीनं तर हात जोडले. सिंधुबाई मात्र तिच्या कानाशी वाकल्या आणि हळू आवाजात बोलल्या, "हे असंच चालू ठेवलंत तर पुढची दिवाळी तुम्हाला दिसायची नाही. मी घाबरवायला सांगत नाही. आजपासून दोन वेळा जेवा, दूध घ्या, अंडं चालत असेल तर खा. समजलं?"

मालनला समजलं. इतके दिवस ते तिच्या अंगाला कळत होतं, त्या दिवशी पहिल्यांदा डोक्याला कळलं. घरी येताना रविवार कारंज्यापाशी ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "आत्याबाई, डॉक्टरीणबाई म्हणतात उपास सोडा. नाहीतर मी जगत नाही."

"डॉक्टरांना काय गं, सोडा म्हणायला काय जातंय?" कुसाबाई चालता चालता म्हणाल्या. "कालिकेपुढं शब्द टाकलाय मी. मोडला आणि त्याला तिकडं काही झालं तर? तू सांग, काय करू?" त्यांचा आवाज खराच कापत होता. मग त्यांनी आपल्या मते न्यायाचा तोडगा काढला. "ज्याच्यासाठी धरलंय त्यालाच विचार. त्यानं सोड म्हणून लिहिलं तर सोड. मी एक शब्द बोलणार नाही."

त्या महिन्याच्या पत्रात शेठांनी नेहमीप्रमाणे दुकानाचं, गावाचं, कोण सुटलं आणि कोण धरलं गेलं ते सगळं लिहिलं आणि खाली सुनेसाठी दोन ओळींची जागा ठेवली. मालन चौथीपर्यंत शिकली होती. तिनं लिहिलं, 'माझे वजन पाऊणशे पौंड भरले. डॉक्टरीणबाई म्हणतात उपास सोडा, नाहीतर दिवाळी दिसणार नाही. आत्याबाई म्हणतात तुम्ही लिहिले तर सोडावा. तरी कृपा करून लिहावे.' जागा संपली म्हणून 'कृपा करून लिहावे' हे कडेला, आडवं लिहावं लागलं.

पुढचा महिनाभर ती त्या उत्तरावर जगली. रोज एक वेळ जेवताना ती मनात म्हणायची, अजून वीस दिवस, अजून बारा. यादव सोड म्हणणार याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तिला ताप आला होता, तेव्हा त्यानं स्वतः गोदाकाठच्या बाजारातून बर्फ आणला होता आणि आईसमोर तिच्या कपाळावर धरला होता. असा माणूस नाही कसं म्हणेल?

उत्तर आलं. शेठांनी ओट्यावर बसून मोठ्यानं वाचलं, शेजारचेही ऐकायला जमले. 'सौभाग्यवतीची ओळ वाचून ऊर भरून आला. मी ती आमच्या बराकीत सर्वांना वाचून दाखवली. सगळे म्हणाले, आपण इथे भिंतीआड लढतो आणि ही माउली घरात बसून लढते आहे. तिचे हे तप पाहून माझा निश्चय दुणावला. तिने व्रत मोडू नये. माझी प्रकृती उत्तम, वजन एकशेतीस.'

वाचून झाल्यावर शेठांनी चष्मा पुसला. कुसाबाई रडल्या. समोरच्या घरातल्या दोन म्हाताऱ्या आत आल्या आणि मालन नको नको म्हणत असताना तिच्या पायांवर डोकं ठेवून गेल्या. मालन चुलीपुढे बसून राहिली. यादवनं 'नाही' म्हटलं असतं तर तिला त्याचा राग तरी करता आला असता. त्यानं तर तिच्या मरणाचं कौतुक करून बराकीत वाटून टाकलं होतं. दिवाळीबद्दल तिनं लिहिलेलं त्यानं वाचलं नव्हतं की काय? वाचलं असणारच. टाळ्या त्याच ओळीला पडल्या असणार.

परसाच्या भिंतीत एक लहान दार होतं. पलीकडे दुकानाच्या भांड्यांना कल्हई करणाऱ्या इब्राहिमचं अंगण होतं, आणि घासलेली भांडी त्या दारातून तिकडे जायची, कल्हई होऊन परत यायची. इब्राहिमची बायको गुलजारबी ती नेआण करायची. चार पोरांची आई, तोंडानं फटकळ. एका दुपारी ती पातेली घ्यायला आली, तर मालन चिंचेच्या चोथ्यात हात घालून डोळे मिटून बसलेली. गुलजारबीनं तिला हलवलं, मान उचलून बघितली आणि तशीच परत गेली. आली ती वाटीभर बकरीचं दूध घेऊन.

"पी."

"मला चालत नाही, गुलजारबी. उपास आहे. आणि तुमच्याकडचं…"

"आमच्याकडचं काय? बकरी काय नमाज पढते?" गुलजारबी खेकसली. "पी मुकाट्यानं. तुझ्या देवीला सांग, गुलजारबीनं जबरदस्तीनं पाजलं. पाप मला लागू दे. माझ्या खात्यावर एवढी आहेत, त्यात एक अजून."

मालन प्यायली. पिताना तिला रडू आलं. दूध घशाखाली उतरताना पार पोटापर्यंत कळत होतं, इतकी आतली सगळी वाट कोरडी पडली होती. त्या दिवशी दूध झालं. चार दिवसांनी बाजरीची भाकरी झाली. पुढच्या महिन्यात गुलजारबीनं पदराखालून उकडलेलं अंडं काढलं, तेव्हा मालननं कुठल्या जातीचं, कुठल्या धर्माचं काही विचारलं नाही, फक्त मीठ आहे का विचारलं. रोज दुपारी कुसाबाईंचा डोळा लागला की भिंतीतलं दार हळूच वाजायचं.

माघ गेला, फाल्गुन आला. मालनच्या पायांची सूज उतरली. बांगड्या मनगटावर थांबायला लागल्या. एका सकाळी पोटात ओळखीची कळ आली आणि ती बाजूला बसली. एवढा आनंद तिला लग्नातही झाला नव्हता. पण तो आनंद सांगायचा कोणाला? ज्यांनी ऐकून खूश व्हायचं, त्यांच्या लेखी तो चोरीचा माल होता.

आणि चैत्रात यादवचं पत्र आलं, 'मध्यंतरी हिवताप आला होता. आता बरा आहे. वजन एकशेतेहतीसवरून एकशेसत्तावीसवर आले.'

कुसाबाईंनी पत्र ऐकलं. स्वैपाकघरात आल्या आणि मालनच्या गालाकडे, दंडाकडे, गळ्याकडे बघत राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांनी सुनेकडे इतकं निरखून कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी तिचा हात धरला, दुपारी बंद असलेल्या दुकानात नेलं आणि काट्याकडे बोट दाखवलं. "बस."

"आत्याबाई…"

"बस म्हणते ना."

शेठ गादीवर लवंडले होते, ते उठून बसले. कुसाबाईंनी स्वतः वजनं ठेवली. तीन दहा शेरी, पाच शेरी, शेर, अर्धा शेर. साडेछत्तीस ठेवून त्यांनी हात काढला. मालनचं पारडं जागचं हललं नाही, जमिनीला टेकूनच राहिलं. त्यांनी आणखी शेर ठेवला, दोन ठेवले, तीन, चार. तेव्हा कुठे मालन जमिनीवरून उचलली गेली.

"साडेचाळीस," शेठ पुटपुटले. सवयीनं पुटपुटले.

"चार शेर!" कुसाबाई किंचाळल्या. "तिकडं माझा पोरगा तापानं फणफणला, तीन शेर उतरला, आणि ही इथं चार शेर चढली! बाई गं, कुठं खाल्लंस? कोणाकडं खाल्लंस?"

भिंतीपलीकडे इब्राहिमचा भाता चालू होता. त्याचा फस्-फस् आवाज दुकानापर्यंत येत होता. गुलजारबीचं नाव निघालं तर उद्या तो भाता थंड होणार, हे मालनला कळायला वेळ लागला नाही. आणि मुसलमानाच्या घरचं अंडं खाल्लं हे उघड झालं तर आपल्याला या घरात पाणी भरायलाही ठेवणार नाहीत, हेही तिला कळत होतं.

"फडताळातलं," ती म्हणाली. "तुमचं दूध. रोज चोरून पीत होते."

ज्या घरात ती पहाटेपासून राबत होती, त्या घरात तिनं स्वतःला चोर म्हणवून घेतलं. ते सगळ्यांना ताबडतोब पटलं, याचंच तिला नवल वाटलं. एकानंही विचारलं नाही की दूध रोज कमी होत होतं तर कुसाबाईंच्या भाताला पुरत कसं होतं. फडताळाला कुलूप लागलं. मालननं आता परसात एकटीनं बसायचं नाही असं ठरलं. कुसाबाई दुपारची झोप सोडून तिच्यासमोर पाट टाकून बसायला लागल्या आणि पातेली द्यायला-घ्यायला स्वतः उठायला लागल्या. सोमवार निर्जळी झाला. मोडलेल्या दिवसांची भरपाई म्हणून गुरुवार वाढला. भिंतीतल्या दाराशी गुलजारबी दोनदा रिकामी घुटमळून गेली. तिसऱ्यांदा तिनं कुसाबाईंच्या तोंडावर म्हटलं, "सासूबाई, पोरीला वाचवा." कुसाबाईंनी तिच्या हातात पातेलं दिलं आणि दार लावून घेतलं.

आषाढात यादव सुटला. पावसानं उघडीप दिली होती. टांग्यांची रांग, हार, गुलाल, भांडीबाजारात तोरणं. मंडळींनी ठरवलं होतं, देशभक्ताची गूळतुला करायची, आणि गूळ सगळ्या गल्लीत वाटायचा. काटा अर्थातच घरचा. तो दुकानासमोर तीन बांबूंच्या तिकाटण्याला बांधला होता. तुला झाली की सगळ्यांनी वाजतगाजत कालिकेला जायचं, देवीपुढे नारळ फोडायचा, आणि तिथं मालनचा नवस सुटायचा. कुसाबाईंनी सकाळीच पुरण शिजवून ठेवलं होतं. सुनेला पोटभर वाढायचं त्यांच्या खरोखर मनात होतं.

यादव टांग्यातून उतरला. चांगला भरला होता, खांदे रुंद झाले होते. गर्दीतून वाट काढत तो मालनसमोर आला. तिच्याकडे बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कौतुकाचं होतं. "किती वाळलीस गं," तो म्हणाला. "बराकीत सगळे तुझं नाव घेतात." मालन त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. बर्फ आणणारा माणूस त्या चेहऱ्यात कुठं दिसतो का, ते शोधत होती.

तिला काट्याशेजारीच उभं केलं. यादव पारड्यात बसला. समोरच्या पारड्यात शेठ एकेक ढेप ठेवायला लागले, दोन-दोन शेरांच्या, पिवळ्याधमक. भाषण करणारे गृहस्थ म्हणत होते, "बंधुभगिनींनो, या साध्वीनं दीड वर्ष अन्नाला…" मालनला पुढचं ऐकू आलं नाही. गुळाचा वास तिच्या तोंडावर आला. आदल्या दिवशी सोमवार होता, आज सकाळपासून देवदर्शनासाठी थांबली होती. दोन दिवसांत पोटात पेलाभर पाणी गेलं होतं. पाय आहेत की नाहीत कळत नव्हतं. सिंधुबाई म्हणाल्या होत्या, पुढची दिवाळी. दिवाळीला तीन महिने उरले होते.

शेवटी शेठांनी कडेला अर्ध्या शेराचा तुकडा ठेवला. "साडेसहासष्ट!" ते ओरडले. काटा सरळ झाला. टाळ्या कडाडल्या.

मालननं हात पुढे केला आणि वरची ढेप उचलली. दोन शेरांची ढेप तिला दोन्ही हातांनी छातीशी धरावी लागली. गुळाचं पारडं वर गेलं आणि यादवचं पारडं धाडकन खाली आपटलं. तो हार सावरत चिखलात कलंडला. पोरं हसली. मालन दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली. ढेप तिनं दगडावर आपटून फोडली आणि मूठभर तुकडा तोंडात घातला.

कुसाबाई गर्दी लोटत आल्या. "अगं, देवीला जायचंय अजून! तासाभरात सुटणार होता नवस. दीड वर्ष धरलंस, आणि शेवटच्या तासाला माती केलीस!" त्या खाली वाकल्या, रडत रडत तिचं मनगट धरलं. "एवढा एक तास कळ काढली असतीस तर काय मरत होतीस का?"

मालनच्या तोंडात गूळ होता. तो तिनं आधी नीट चावला, गिळला.

"हो," ती म्हणाली, आणि दुसरा तुकडा उचलला.